शाळेच्या फाटकासमोरचा इतिहास

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी एका रिलीजने पार पिट्ट्या पाडला होता, त्यामुळे शनिवार-रविवार म्हणजे नुसती झोप. पण गेल्या महिन्यात साताऱ्याला घरी गेलो होतो तेव्हा एक प्रकार घडला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना. मग नेहमीप्रमाणे पुस्तकं उघडली, जुने कायदे चाळले आणि हे एवढं मोठं चऱ्हाट तयार झालं. चहा घेऊनच बसा :-)

तर झालं असं. दादा बाहेरगावी गेला होता. शुक्रवारी रात्री वहिनी म्हणाली, "भाऊजी, उद्या चिऊला शाळेत सोडाल का? पाऊस आहे, स्कूटीवरनं न्यायचं म्हणजे भिजणार ती." चिऊ म्हणजे माझी पुतणी, यंदा पहिलीत गेली. शाळा नवी आहे, दोन-तीन वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या एका वसाहतीत सुरू झालेली. नाव सांगत नाही, कारण जे सांगायचंय ते त्या एका शाळेबद्दल नाहीच.

शाळेपुढची गल्ली एवढी अरुंद की समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीला मागे जावंच लागतं. सकाळी नवाच्या आधीची दहा मिनिटं तिथे काय चालतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. रिक्षा, व्हॅन, स्कूटी, गाड्या, छत्र्या, त्यातून वाट काढणारी पोरं, आणि प्रत्येकाला आपलं पोर थेट फाटकाशीच उतरवायचंय. मीही तेच केलं. चिऊ "टाटा काका" म्हणून आत पळाली. मागून हॉर्न सुरू झाले होते. मी घाईघाईने रिव्हर्स टाकला. मागचा कॅमेरा पावसाने धूसर झाला होता, आरशात नुसत्या छत्र्या दिसत होत्या.

तेवढ्यात मागच्या काचेवर धाडकन थाप पडली. "अहो, थांबा! पोरगी आहे मागं!"

उतरून बघतो तर चिऊएवढीच एक मुलगी गाडीच्या मागे उकिडवी बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण शोधत होती. माझ्या बंपरपासून हातभर अंतरावर. तिला तर काही कळलंही नाही. झाकण सापडलं, ते बाटलीला लावलं आणि गेली. थाप मारणारे आजोबा त्याच वसाहतीतले. ते चिडले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, "रोज एकदा तरी असं होतंय बघा."

काही झालं नाही. हे वाक्य मी त्या दिवशी घरी दहा वेळा तरी म्हटलं असेन. कॉलेजपासून गाडी चालवतोय, सिग्नल तोडत नाही, मोबाईलवर बोलत नाही. 'बेशिस्त वाहनचालक' म्हणजे कोणीतरी दुसरा, असं आजवर पक्कं डोक्यात होतं. त्या सकाळी तो मी होतो.

दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या लोकांची बैठक होती. आजोबांनी बोलावलं म्हणून मीही गेलो आणि मागच्या खुर्चीवर बसलो. वसाहतीतले लोक म्हणाले, शाळा हलवा. पालक म्हणाले, रस्ता रुंद करा. शाळेतर्फे आलेले गृहस्थ म्हणाले, फाटकाच्या आतली जबाबदारी आमची, बाहेरची नाही. कोणीतरी म्हणालं, ट्रॅफिक पोलीस मागा. गंमत म्हणजे सगळे 'ट्रॅफिक' हा शब्द असा वापरत होते जणू ते पावसासारखं वरून पडतं!

मग आजोबांनी एक साधा प्रश्न विचारला. "आम्ही शाळेत जायचो तेव्हा ही भानगड कशी नव्हती हो?" लगेच कोणीतरी म्हणालं, "तेव्हा गाड्या कुठं होत्या?" सगळे हसले आणि विषय पुढे गेला.

मला मात्र ते उत्तर अर्धंच वाटलं. गाड्या नव्हत्या हे खरं. पण मुळात गाडीची गरजच पडू नये अशा ठिकाणी शाळा होती का? असेल तर ती तिथे का होती, आणि मग तिथून हलली कधी? उरलेलं अर्धं उत्तर शोधायचा हा प्रयत्न.

वाड्यातली शाळा

सुरुवात साताऱ्यापासूनच करू. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्याच्या किल्ल्यावर झाला आणि पुढे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शहर वाढत गेलं. पेठांमागून पेठा वसल्या. एकेक पेठ म्हणजे जवळजवळ स्वयंपूर्ण गाव. बाजार, देऊळ, विहीर किंवा हौद, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे १८१८ नंतर प्रतापसिंह महाराजांच्या काळात राजवाडा आणि त्याच्या भोवतालचा भाग उभा राहिला. १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं, १८४८ मध्ये राज्यच खालसा झालं. पण वास्तू राहिल्या आणि त्यांत कचेऱ्या, शाळा भरू लागल्या.

त्या काळात शाळेसाठी वेगळी जागा शोधून इमारत बांधणं ही सरसकट पद्धत नव्हती. वाड्याची ओसरी, देवळाचा सभामंडप, चावडी, धर्मशाळा, जिथे माणसं होती तिथेच शाळा शिरायची. म्हणजे शाळा पोरांकडे यायची. मुद्दाम आखलेलं नियोजन नव्हतं हे, अडचणीतून निघालेली सोय होती. पण तिच्यामुळे सहा-सात वर्षांच्या पोराची शाळा हाकेच्या अंतरावर आली.

मात्र म्हणून तो काळ सोन्याचा होता असं म्हणायचा मोह आवरायला हवा. त्याला साताऱ्याचंच उदाहरण पुरेसं आहे. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी राजवाड्यातल्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाने इंग्रजी पहिलीत नाव घातलं. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत साताऱ्यातलं शाळकरी वय लिहून ठेवलं आहे. वर्गात त्यांना कोपऱ्यात वेगळं बसावं लागे, स्वतःच्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं.

आज दप्तराच्या ओझ्यावर आपण चर्चा करतो. हे गोणपाटाचं ओझंही शाळेच्या वाटेवरचंच होतं.

त्याच आठवणींत १९०१ चा प्रवास आहे. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला. सुट्टीत त्यांना भेटायला ही मुलं रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली. पुढे जायला बैलगाडी हवी होती. मुलं कोणत्या जातीची हे कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी मुलांनीच हाकायची, अशा अटीवर एक जण तयार झाला.

हे इथे का आणलं? कारण रस्ता 'सगळ्यांचा' असतो हे आपण गृहीत धरतो, आणि तसा तो कधीच नव्हता. तो कोणाला किती मिळायचा हे आधीच ठरलेलं असायचं. आज तो जातीवर ठरत नाही असं निदान कागदावर तरी आहे. पण शाळेपुढच्या गल्लीत तो चाकांवर ठरतोच.

शाळा पोरांजवळ न्यायची

शाळा पोरांजवळ आहे ही आपोआप झालेली सोय होती. ती हक्क म्हणून मागायला आणखी काही वर्षं जावी लागली. १९१८ मध्ये मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेलांनी मांडलेला कायदा मंजूर झाला आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायची मुभा मिळाली. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने ही चौकट आणखी पक्की केली. नगरपालिकेच्या शाळा पेठेपेठेत पसरल्या. त्यांना नावाआधी नंबर असायचे. 'सात नंबर शाळा' म्हटलं की रिक्षावाल्याला पत्ता कळायचा.

खेड्यांत हेच काम कर्मवीर भाऊराव पाटलांनी केलं. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. अंतराच्या प्रश्नाला कर्मवीरांनी दोन उत्तरं दिली. पहिलं वसतिगृह. रोज येणं जमत नसेल तर इथेच राहा. साताऱ्याच्या वसतिगृहाला २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. दुसरं उत्तर म्हणजे गावोगावच्या व्हॉलंटरी शाळा. पाचशेहून अधिक काढल्या. ज्या खेड्यांत सरकारची शाळा पोचली नव्हती तिथे शाळा न्यायची, पोराला आणायचं नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. वाडी-वस्तीवरची शाळा हा आपल्याकडचा नेहमीचा देखावा झाला तो अशा रीतीने.

पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने याला नाव दिलं, शेजारशाळा. एका परिसरातली सगळी पोरं, गरीब-श्रीमंत, एकाच शाळेत. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले, आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे. आयोगाचा हेतू समतेचा होता, वाहतुकीचा नव्हे. पण जरा विचार करा. ही एक शिफारस खरोखर अमलात आली असती तर फाटकापुढच्या गर्दीतल्या निम्म्याहून जास्त गाड्या निघाल्याच नसत्या.

१९२९ : दोन गोष्टी

आता जरा सांगलीकडे जाऊ. मी इंजिनिअरिंगची चार वर्षं तिथे काढली, त्यामुळे सांगलीबद्दल लिहिताना हात जरा सैल सुटतो, सांभाळून घ्या. (सातारा-सांगली तशी वेगळी नव्हेतच. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि आजूबाजूची संस्थानं मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं.)

१९२९ मध्ये सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल झाला. तोवर पलीकडच्या सांगलवाडीचं सांगलीशी नातं नावेच्या भरवशावर. कृष्णा फुगली की संपलं. पूल झाला आणि तो माणसांबरोबर मोटारींनाही वाट करून देणारा होता. एकदा वाट झाली की गाव तिच्या कडेने पसरतं. विलिंग्डन कॉलेज १९१९ मध्येच गावाबाहेर विश्रामबागला सुरू झालं होतं. १९४७ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेजही (म्हणजे नंतरचं वालचंद) त्याच बाजूला आलं. सांगली-मिरज रस्त्यावर संस्था वाढत गेल्या. जागा मोकळी, हवा चांगली. एकोणीस वर्षांच्या पोराला सायकल मारत तीन-चार किलोमीटर जायला काय होतं? आम्हीही गेलोच की. कॉलेजसाठी हा हिशेब बरोबर होता. चूक पुढे झाली. तोच हिशेब आपण पहिलीच्या पोरालाही लावला.

त्याच १९२९ मध्ये तिकडे अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी नावाच्या माणसाने न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यात एक कल्पना मांडली. मोटारी वाढत होत्या, पोरं चिरडली जात होती. पेरी म्हणाला, वस्तीचं माप प्राथमिक शाळेवरून ठरवा. मध्यभागी शाळा, तिथपासून साधारण पाव मैलाच्या आत घरं, आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेने. म्हणजे घर ते शाळा या वाटेत पोराला मोठा रस्ता ओलांडावाच लागणार नाही. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या रॅडबर्न या नव्या वसाहतीत लोक राहायला आले. तिथे पोरांच्या पायवाटा आणि मोटारींचे रस्ते वेगळे काढले होते, जिथे गाठ पडेल तिथे रस्त्याखालून बोगदा. आपल्याकडे चंदीगडच्या सेक्टरमागे हाच विचार आहे. आठशे मीटर बाय बाराशे मीटरचा सेक्टर, मोठी वाहतूक कडेने, शाळा आत.

ही माहिती वाचताना मला आपल्या पेठा आठवल्या. पेरीने कागदावर काढलं ते आपल्याकडे (न ठरवता, आणि सगळ्यांसाठी नव्हे) पेठेत बरंचसं होतंच. हातातली ही गोष्ट आपण सोडली कधी?

आधी प्लॉट, मग गल्ली, शेवटी शाळा

कायदा नव्हता म्हणावं तर तेही नाही. नगररचनेचा देशातला पहिला कायदा मुंबई प्रांतानेच १९१५ मध्ये केला. आजचा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ चा. त्यानुसार शहराचा विकास आराखडा होतो, त्यात रस्ते आखतात आणि 'प्राथमिक शाळा', 'क्रीडांगण' अशी आरक्षणं टाकतात. म्हणजे शाळा कुठे असावी हे आधी ठरवायची सोय आहे.

पण शहरं आराखड्याची वाट बघत नाहीत. सांगलीचं उदाहरण घ्या. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकले गेले. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौरस फूट. घेणारा हातावर पोट असलेला, त्याला डोक्यावर छप्पर हवं. विकणारा रस्त्याला जितकी कमी जागा सोडेल तितका त्याचा फायदा. शाळेसाठी, मैदानासाठी कोण जागा सोडणार? शामरावनगरसारखा भाग पावसाळ्यात पाण्यात असतो त्यामागेही हेच आहे, पाण्यालाही कोणी वाट ठेवली नाही. शेवटी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करून अशी बांधकामं नियमित करायची सोय केली, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. घरं नियमित करता येतात. गल्ली मात्र कागदावर नियमित करून रुंद होत नाही.

साताऱ्यात गोष्ट थोडी वेगळी, शेवट तोच. पेठा भरल्यावर लोक हायवेच्या दिशेने, आसपासच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत घरं बांधू लागले. शाहूपुरीसारखा भाग वर्षानुवर्षं शहराला चिकटून, पण नगरपालिकेच्या बाहेर. २०२० मध्ये हद्दवाढ झाली तेव्हा तो आत आला, तोवर घरं आणि गल्ल्या होऊन बसल्या होत्या. २०२१ मध्ये पोवई नाक्यावरचा ग्रेड सेपरेटर सुरू झाला, म्हणजे मोठ्या चौकाची कोंडी सोडवायला जमिनीखालून रस्ते निघाले. मोठ्या चौकाला निदान काही उत्तर मिळालं. शाळेपुढच्या गल्लीसाठी कोण बोगदा खणणार?

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा डिझाईनचा बग आहे. प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर सापडला आणि आता आपण रोज सकाळी शिट्टी वाजवून पॅच मारतोय.

आणि दुसरीकडे आमच्या पेठेतली नंबरची शाळा? इमारत आहे, शिक्षक आहेत, घरापासून पाच मिनिटं. चिऊ तिथे का नाही जात? कारण दादा-वहिनीला इंग्रजी माध्यम हवं होतं. हे मी नावं ठेवायला लिहीत नाही. मला कोणी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण आमच्या गल्लीतून सकाळी चार पोरं चार दिशांच्या चार शाळांत जातात. त्यांचं 'ट्रॅफिक' नाक्यावर तयार होत नाही, आमच्या जेवणाच्या टेबलावर होतं.

काय करता येतं

इतरांनी काय केलं तेही बघू. ब्रिटनमध्ये १९५३ च्या कायद्याने शाळेजवळ हातात फलक घेऊन मुलांना रस्ता पार करून देणाऱ्या माणसाला वाहनं थांबवायचा कायदेशीर अधिकार मिळाला. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात चारशेहून अधिक मुलं रस्त्यावर मेली. फिक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी शाळेत जाताना गेली होती. त्याने 'मुलांची हत्या थांबवा' अशा मथळ्याखाली लिहिलं, त्याच नावाची चळवळ उभी राहिली, पालक रस्त्यावर बसले. आजचा सायकलींचा हॉलंड आपण फोटोत बघतो तो त्यातून घडला. इटलीतल्या बोल्झानो शहराने १९८९ पासून शाळा भरता-सुटताना तेवढ्यापुरती समोरची गल्ली गाड्यांना बंद करायला सुरुवात केली. पुढे ही पद्धत लंडन-पॅरिसपर्यंत गेली.

आपल्याकडे बहुतेक नियम एखाद्या अपघाताच्या पाठोपाठ येतात. १८ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली, २८ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसबद्दल आदेश दिले, ताशी ४० किलोमीटरची मर्यादा त्यातलीच. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. त्यात प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी, तिच्यात पालकांचे प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, परिवहन खात्याचा माणूस असावा असं आहे. म्हणजे 'फाटकाबाहेरचं आमचं नाही' असं म्हणून शाळेला मोकळं होता येत नाही. बैठकीतल्या किती जणांना हे माहीत होतं? मलाही नव्हतंच.

कधी एका चांगल्या हेतूने दुसरीकडे गाठ बसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नवाच्या आधी भरवू नका असं सांगितलं. पोरांची झोप पुरी व्हावी म्हणून. हेतू उत्तमच. पण पोरं आणि हापिसं एकाच वेळी रस्त्यावर आली.

आणि हे सगळं लिहिताना आमच्याच जिल्ह्यातली एक दुसरी वाट विसरता येत नाही. जावळी तालुक्यात कोयनेच्या फुगवट्याकाठी खिरखिंडी नावाची वस्ती आहे. तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत जलाशय पार करायच्या आणि पुढे जंगलातून चालत अंधारीच्या शाळेत जायच्या. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बातमीची स्वतःहून दखल घेतली. शिक्षण हक्काच्या महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंत शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत असावी असं २०११ पासून लिहिलेलं आहे. तरी २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायची चर्चा सुरू झाली, मुलांसाठी बस देऊ म्हणे. म्हणजे शहरात आपण हौसेने शाळा लांब नेली आणि खेड्यात पट कमी म्हणून. कर्मवीरांनी उलट्या दिशेने ढकलत आणलेला गाडा आपण पुन्हा उतारावर सोडतोय की काय असं वाटतं.

असो. बैठकीचं सांगतो. आजोबांना फोन करून मी परिवहन समितीचा नियम वाचून दाखवला. ते म्हणाले, "लिहून पाठवा, मी बोलतो." पुढच्या रविवारी तीन गोष्टी ठरल्या. गाड्या पलीकडच्या मोकळ्या मैदानापाशी थांबवायच्या आणि तिथून पोरांनी रांगेत चालत जायचं, बरोबर पाळीपाळीने दोन पालक. नवाच्या आधी आणि सुटताना वीस मिनिटं गल्लीत चारचाकी नाही, कोपऱ्यावर आजोबा आणि वसाहतीतले आणखी दोघे. आणि शाळेने समितीची रीतसर बैठक बोलवायची.

चमत्कार वगैरे झाला नाही. दादा सांगतो, पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात धो धो पाऊस आला आणि निम्म्या गाड्या पुन्हा फाटकाशी. आजोबांचं कोणा एकाशी भांडणही झालं. पण निम्म्याच आल्या, सगळ्या नाही.

गेल्या शनिवारी मी चिऊला मैदानापासून चालत नेलं. आठ मिनिटं लागली. वाटेत तिने मला एक पिवळं कुत्रं, मैत्रिणीचं घर आणि एक तुटकं गटार दाखवलं. गटार मला गाडीतून कधीच दिसलं नव्हतं.

एक शेवटची गोष्ट. १९६६ च्या त्या कायद्यात अशी तरतूद आहे की विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की लोकांना हरकती आणि सूचना द्यायला ३० दिवस मिळतात (मुंबईत ६०). प्राथमिक शाळेचं आरक्षण कुठे आहे, तिच्यापुढचा रस्ता किती रुंद आहे, पोरांना मोठा रस्ता ओलांडावा लागेल का, हे सगळं त्या नकाशावर तेव्हाच दिसत असतं. त्या ३० दिवसांत नकाशा बघायला जातो तो ज्याची जमीन आरक्षणात गेलीय तो. ज्याचं पोर त्या रस्त्यावरून जाणार आहे तो जात नाही, कारण बऱ्याचदा त्याचं पोर अजून जन्मलेलंच नसतं.

पुढच्या खेपेला साताऱ्याला गेलो की नगरपालिकेत जाऊन तो नकाशा बघायचं ठरवलंय. चिऊच्या शाळेला आता त्याचा उपयोग नाही. पण हद्दवाढीतल्या भागात अजून शेतं उरलीत, तिथे कधीतरी शाळा होणारच. तुम्ही तुमच्या गावचा नकाशा बघितलात तर काय दिसलं ते जरूर कळवा. आणि हो, रिव्हर्स टाकायच्या आधी एकदा खाली उतरून मागे बघा.